ओपलच्या पंख्याची काठी

आर्विन टकेट उन्हाळ्यात दुपारी स्वतःचा एसी बंद करून पोर्चमध्ये बसायचा, ते वीज वाचवायला नव्हे. मेलेल्या बाईचा एसी ऐकायला. हे त्याने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तेही आमच्या टेबलाशी बसून बटाट्याच्या सॅलडवर दुसऱ्यांदा हात मारताना.

"ओपलचा पंखा अडकतो गं," तो म्हणाला. "रोज. नुसता घूं करतो आणि फिरत नाही."

"ओपल जाऊन वर्ष होत आलं, आर्विन. तिच्या घराची वीज तोडली आहे. मीटरसुद्धा काढून नेलाय."

"ते मला माहीत आहे, नेल्डा."

"मग?"

"मग काही नाही. ऐकू येतं ते सांगितलं. मीठ दे जरा."

मी मीठ दिलं. माझा नवरा वेंडेल नाकातल्या ऑक्सिजनच्या नळीशी खेळत माझ्याकडे बघत राहिला. आर्विन गेल्यावर म्हणाला, "बिचाऱ्याचं ऊन डोक्यात गेलंय." मलाही तेच वाटलं. अ‍ॅरिझोनात म्हाताऱ्या माणसाचं असं व्हायला फारसं काही लागत नाही.

आमचं पार्क म्हणजे वाळवंटात ओळीने मांडलेली पत्र्याची घरं. हिवाळ्यात इथे मुंगीला शिरायला जागा नसते. मिनेसोटा-आयोवाकडचे म्हातारे थंडी चुकवायला येतात, पत्ते कुटतात, शनिवारी नाचतात, आणि एप्रिल संपता संपता परत उत्तरेला पळतात. मागे आम्ही उरतो, ज्यांना पळायला दुसरं घर नाही ते. जुलैत पारा फॅरनहाइटमध्ये एकशे पंधराच्या वर जातो. गाडीच्या दाराला हात लावायचा तर फडकं लागतं, कुत्र्यांना बूट घालून फिरवावं लागतं. अशात पत्र्याच्या घराचा एसी बसला, की बघता बघता घराची भट्टी होते. दुरुस्तीवाल्याला फोन करा, तो म्हणणार, "गुरुवारी बघतो." कुठल्या गुरुवारी, ते मात्र सांगणार नाही.

म्हणून आम्हाला आर्विन. जन्म तांब्याच्या खाणीत गेला त्याचा, खडी वाहून नेणारे लांबलचक पट्टे चालू ठेवण्यात. पट्टा थांबण्याआधी आवाज बदलतो, आणि तो ज्याला ऐकू येत नाही त्याने खाणीत नोकरी करू नये, असं त्याचं मत. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. रिटायर होऊन इथे आला, आणि पहिल्याच उन्हाळ्यात प्रत्येक घराच्या मागे जाऊन एसीच्या बाहेरच्या युनिटवर डोकं टेकवून ऐकत बसला. आम्हाला वाटलं चोर आहे. मी पाण्याचा पाइप घेऊन त्याच्या अंगावर धावून गेले होते. तो भिजल्या डोक्याने म्हणाला, "बाई, तुमचा कपॅसिटर महिनाभर टिकेल." बरोबर महिनाभर टिकला.

कपॅसिटर म्हणजे थंड पेयाच्या लहान डब्याएवढी चंदेरी वस्तू. पंख्याला सुरुवातीचा जोर तीच देते. उन्हाने तिचं पोट फुगतं, मग पंखा नुसता घूं करत उभा राहतो. आर्विनने त्यावर दोन उपाय केले. एक म्हणजे त्याच्या शेडमधली फळी. तिच्यावर प्रत्येक घरासाठी एक कपॅसिटर, ज्याच्या त्याच्या मापाचा, खोक्यावर जाड काळ्या पेनाने त्या घराचं नाव. वापरला की लगेच नवा आणून ठेवायचा. दुसरा उपाय काठी. बोटाएवढी जाड, हातभर लांब, स्वतः तासून गुळगुळीत केलेली. ती प्रत्येक युनिटजवळ सुतळीने टांगलेली. पंखा अडकला, तर वरच्या जाळीतून काठी घालायची, पातं ढकलायचं. बहुतेक वेळा पंखा गती घेतो आणि आर्विन येईपर्यंत चालतो. हे तो प्रत्येकाला हात धरून शिकवायचा. वेंडेल म्हणायचा, "चर्चमध्ये एवढी तालीम झाली असती तर मी एव्हाना संत झालो असतो."

ओपल राडेमाकर आर्विनच्या शेजारी राहायची. चिक्कू बाई. आमच्याकडे दुपारी तीन ते रात्री आठ वीज दुपटीने महाग, त्यामुळे सगळेच काटकसर करतात. तीनपर्यंत घर फ्रीजसारखं गार करून ठेवायचं, मग एसी बंद, पडदे ओढलेले, मानेवर ओला टॉवेल, आणि आठ वाजायची वाट. तीन वाजता गल्लीतले एसी एकामागून एक थांबतात आणि अशी शांतता पसरते की स्वतःच्या श्वासाचा त्रास व्हावा. आमचा तेवढा चालू असतो, कारण वेंडेलच्या फुफ्फुसांना उष्णता सोसत नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. पण ओपल सगळ्यांच्या वरताण. ती कधी अडीचलाच बंद करायची, कधी दोनलाच. आर्विन तिला ऐकवायचा, "ओपल, स्वर्गात मीटर नसतो, तिथे काय करशील?" ती म्हणायची, "तिथे तू नसशील, तोच मोठा गारवा." रात्री आठला तिचा एसी सुरू झाला की ती पोर्चचा दिवा दोनदा मिचकवायची. आर्विन आपला दिवा दोनदा मिचकवायचा. दोघांनी याला काय म्हणतात ते कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पण दिवसभराच्या भांडणानंतर त्या दिव्यासाठी तो दाढी करून बसायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मागच्या जुलैत एका दुपारी ओपलचा एसी जेवणाच्या वेळेलाच थांबला. आर्विनने ते ऐकलं. त्याला सगळंच ऐकू येतं. तो हसला आणि मनात म्हणाला, म्हातारी आज भलतीच लवकर कंजूस झाली. मग तीन वाजले, गल्लीतले एसी बंद झाले, आणि तिच्या शांततेत वेगळं काही उरलं नाही. आठला एसी सुरू झाला नाही. दिवाही लागला नाही. आर्विन धावला. ती मागच्या दाराशी पडली होती, हात कडीकडे. काठी बाहेर सुतळीला लटकत होती आणि तिच्यावर कोळ्याचं जाळं होतं.

तिचा कपॅसिटर फुगून फुटला होता. नवा आर्विनच्या फळीवर होता, खोक्यावर 'ओपल' लिहिलेला. मधे अंतर होतं ते त्याच्या शेडपासून तिच्या अंगणापर्यंतचं.

अंत्यविधीला तो आला नाही. हिवाळाभर कोणाशी नीट बोलला नाही. उत्तरेकडच्या पाहुण्यांना वाटलं, तुसडा माणूस आहे. मग उन्हाळा लागला, दुपारच्या शांतता सुरू झाल्या, आणि त्याला ओपलचा पंखा ऐकू यायला लागला.

त्याच्या तोंडून ते ऐकल्यावर मी लक्ष ठेवलं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी गल्लीकडे आहे, समोर ओपलच्या घराची पत्र्याची भिंत आणि अंगण, त्याच्या बाजूला आर्विनचं पोर्च. तीन वाजले, एसी थांबले, की आर्विन खुर्चीत ताठ व्हायचा. मान तिरकी. मग एकदम उठायचा, त्या रणरणत्या उन्हात टोपीशिवाय ओपलच्या अंगणात जायचा, सुतळीची काठी सोडायचा आणि मेलेल्या युनिटच्या जाळीतून आत घालून पंखा ढकलायचा. पातं दोन-चार वेढे फिरायचं, थांबायचं. तो मान हलवायचा, जसं काही काम झालं. काठी टांगायचा. परत खुर्चीत. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

"ढकललं की घरघर थांबते," त्याने मला सांगितलं. "प्रत्येक वेळी. म्हणजे सुटते ना ती."

"आर्विन, तुझ्या चेहऱ्याचा रंग बघ. उकडलेल्या बिटासारखा झालाय. एक दिवस तूच तिथे आडवा पडशील."

"मग तू मला शोधायला ये. मी नक्की कुठे असेन ते तुला माहीत आहे."

पाद्रीबाबा येऊन त्याच्याबरोबर प्रार्थना करून गेले. शेवटच्या ओळीतल्या पीटने सरळ विचारलं, "बाबा रे, तिच्या नावाचा तो कपॅसिटर तरी कशाला ठेवलायस? माझा गेलाय, फळीवरचाही वापरून झालाय, माप तेच आहे, दे." आर्विन तडक गाडीत बसला आणि भर उन्हात चाळीस मैलांवरच्या दुकानातून पीटसाठी दुसरा घेऊन आला. त्या खोक्याला कोणी हात लावायचा नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

मग तो दिवस. वेंडेल टीव्हीसमोर डुलकी घेत होता, ऑक्सिजनचं यंत्र फुसफुसत होतं. खिडकीतून पाहिलं तर आर्विन ओपलच्या भिंतीला हात टेकून कसाबसा उभा होता. मी बर्फाच्या पाण्याची बाटली घेतली आणि शिव्या देत बाहेर पडले. गल्ली ओलांडून त्याच्याजवळ पोहोचले, त्याचा दंड धरला, तोंड उघडलं, आणि मला ते ऐकू आलं.

घूं. जड, दबलेला. ओपलच्या भिंतीतून येत होता. पत्र्यामागे कोणीतरी तोंड दाबून धरलंय आणि ते कण्हतंय, असा. मी त्या भिंतीकडे पाहिलं. वीज नसलेलं घर, खिडकीला आतून लावलेला चंदेरी कागद, दारावर विकण्याची पाटी. एकशे सोळा पारा असताना माझ्या हातावर काटा उभा राहिला.

"आलं ना ऐकू?" आर्विन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी ओपलच्या दिव्याच्या वेळीही पाहिला नव्हता. "नेल्डा, आलं ना?"

"आलं," मी म्हटलं. "चल इथून."

"थांब, तिला सोडवतो." त्याने काठी घातली, पंखा ढकलला. आणि खरंच आवाज थांबला.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात पाचशे पोरांना वाढलंय मी, भूत दिसलं असतं तर त्यालाही ओळीत उभं केलं असतं. पण त्या दुपारी माझे पाय घराकडे एवढ्या वेगाने निघाले की आर्विन मागे राहिला. आणि जाता जाता मी त्याच्या हातातली काठी हिसकावून घेतली. तो ओरडला. मी म्हटलं, "पुन्हा त्या अंगणात पाऊल टाकलंस तर याच काठीने बडवीन." काठी आणून मी ओव्हनखालच्या खणात, तव्यांच्या मागे लपवली. आर्विनला वाचवायला, असं वेंडेलला सांगितलं. खरं तर भिंतीतून घूं करणारी ती बाई मला शांत व्हायला हवी होती. त्या रात्रीपासून मी टीव्ही मोठा ठेवू लागले.

काठी गेल्यावर आर्विनने अंगणात जायचं सोडलं. नुसता खुर्चीत बसून ऐकायचा, दोन्ही हात मांड्यांवर घट्ट. दोन दिवस असे गेले. एकदा माझ्या दाराशी येऊन म्हणाला, "ती जास्त वेळ अडकते आता. कोणी सोडवत नाही ना." मी दार लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी वेंडेलची औषधं आणायला मी गावात गेले. तो झोपला होता, घर गार होतं. औषधाच्या दुकानात रांग, पुढे रस्त्यावर ट्रक कलंडलेला. गाडीत बसल्या बसल्या मी घड्याळाकडे बघत होते, पण काळजी अशी नव्हती. आमचा एसी चालू होता ना. गल्लीत वळले तेव्हा चार वाजून गेले होते, आणि आमच्या घराच्या बाजूला, एसीच्या युनिटपाशी आर्विन गुडघ्यांवर बसला होता. शर्ट अंगाला चिकटलेला. हातात आमची काठी. वरचा पंखा धापा टाकत फिरत होता.

"कशालाही हात लावू नकोस!" तो माझ्यावर ओरडला. "आत जा. वेंडेलकडे बघ."

दार उघडलं आणि घराने माझ्या तोंडावर वाफ सोडली. वेंडेल पलंगावर बसला होता, लालबुंद, छाती भात्यासारखी हलत होती. डोक्यावर माझं भांडी पुसायचं ओलं फडकं.

"मेलो नाही अजून," तो धापा टाकत म्हणाला. "तुझ्या मित्राने... हे घाणेरडं फडकं टाकलंय... आणि पीटला... अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला पाठवलंय. सांग त्यांना, नको म्हणून."

"गप्प बस," मी म्हटलं आणि त्याचे पाय गार पाण्यात घालता घालता रडले. अ‍ॅम्ब्युलन्सवाले आले, त्यांनी त्याला तासभर तपासलं. अजून थोडा वेळ गेला असता तर, असं म्हणून त्यातली मुलगी थांबली. वाक्य पुरं केलं नाही तिने, आणि ते बरंच झालं.

बाहेर आर्विन उठून शेडमध्ये गेला होता. परत आला तेव्हा त्याच्या हातात खोकं होतं. आमचं नव्हे, आमच्या नावाचं खोकं त्याने जूनमध्ये दुसऱ्या घराला वापरलं होतं आणि पीटला आणला तो दुकानातला त्या मापाचा शेवटचा होता, नवा माल यायचा होता. या खोक्यावर काळ्या पेनाने 'ओपल' लिहिलं होतं.

"आर्विन, हे..."

"माप तेच आहे." त्याने भिंतीवरचा वीज तोडणारा खटका ओढून काढला. पंखा थांबला. पॅनेल उघडून आतला कपॅसिटर बाहेर काढला, त्याचं डोकं बेकरीतल्या बनसारखं वर आलं होतं. "हा बघ. महिनाभर मरतोय. उठायला जड जायचं त्याला, घूं करायचा, मग कसाबसा उठायचा. आज उठलाच नाही."

तारा जोडता जोडताच त्याने सांगितलं. दुपारी तीनला घरघर सुरू झाली आणि थांबेना. वाट पाहिली. थांबेना. मग त्याला राहवलं नाही; ओपलची काठी माझ्याकडे अडकलेली, तेव्हा आमच्या युनिटजवळ टांगलेली उसनी घ्यावी म्हणून तो गल्ली ओलांडून आला. सुतळी सोडायला युनिटवर हात टेकला आणि हाताखाली ती घरघर लागली.

"आमचं युनिट ओपलच्या भिंतीकडे तोंड करून आहे," मी म्हटलं. माझं मलाच तेव्हा कळत होतं.

"पत्रा आहे," तो म्हणाला. "आवाज जातो, आपटतो, माझ्या पोर्चमध्ये येतो. बाकी सगळे बंद असताना तुमचा एकटाच चालू. आणि मी तिच्या अंगणात पोहोचून काठी घालेपर्यंत तुमचा पंखा आपला आपणच सुटायचा." त्याने पॅनेलचे स्क्रू आवळले. "एवढं सोपं होतं. खाणीत असतो तर पहिल्या दिवशी शोधलं असतं."

खटका बसवला. पंखा एका झटक्यात उठला आणि असा फिरायला लागला की जाळीवरची धूळ उडाली. मी आर्विनला मिठी मारली. त्याने मारली नाही. हातात ते रिकामं खोकं होतं, ते चेपू नये म्हणून त्याने हात बाजूला धरला होता.

दुसऱ्या दिवशी मी मक्याचा पाव आणि तळलेली कोंबडी घेऊन त्याच्याकडे गेले. तीन वाजत आले होते. शेडचं दार उघडं होतं. फळीवर ओपलचं खोकं पुन्हा आपल्या जागी होतं, रिकामं. आम्ही पोर्चमध्ये बसलो. गल्लीतले एसी एकेक करून थांबले. पलीकडे आमचा सुरू होता, पण इथे त्याची नुसती मऊ सरसर पोहोचत होती. ओपलची भिंत उन्हात लखलखत गप्प उभी होती.

"ऐक," आर्विन म्हणाला.

मी ऐकलं. "काहीच नाही ऐकू येत."

"हो. काहीच नाही." तो तिच्या भिंतीकडे वळला. "नेल्डा, रोज वाटायचं, अजून वेळ आहे. आज लवकर उठलो तर पोहोचेन. आणि पोहोचायचो गं. प्रत्येक वेळी पोहोचायचो." त्याने ओपलच्या युनिटजवळच्या रिकाम्या सुतळीकडे बोट केलं. "आता कुठे पोहोचू?"

मी घरी जाऊन तव्यांच्या मागून ओपलची काठी काढली आणि आणून त्याच्या हातात दिली. तो उठला, तिच्या अंगणात गेला, जाळीतून काठी घातली आणि पातं ढकललं. पंखा दोन-चार वेढे फिरला आणि थांबला. तो पूर्ण थांबेपर्यंत आर्विन तिथे उभा होता. मग त्याने काठी सुतळीला बांधली, घट्ट गाठ मारून, आणि परत आला.

पोर्चमध्ये बसला नाही. आत गेला आणि भर महाग वेळेत स्वतःचा एसी लावला. तेव्हापासून तो दुपारचा कधीच बंद करत नाही. बिल केवढं येतं म्हणून पीट त्याला चिडवतो. आर्विन म्हणतो, "येऊ दे. मला शांतता ऐकवत नाही."